एका केकवर सहा नावं

आजच्या समारंभाच्या सन्माननीय अध्यक्ष, आपल्या ब्लॅकमोर शहराच्या महापौर कॉनी मेडीरोस, व्यासपीठावरचे नगरसेवक, चर्चच्या तळघरातला हा हॉल आपल्याला फुकट देणारे फादर लुसियन, पहिल्या रांगेत कडक इस्त्रीच्या गणवेशात अवघडून बसलेले आजचे सहा सत्कारमूर्ती, त्यांच्या घरची मंडळी, आणि मागे बसून सूपच्या वासाकडे लक्ष ठेवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो!

मी ओडेट फर्टाडो. अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात वायरलेसवर बसते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझं तोंड आज पहिल्यांदा पाहिलं असेल, पण आवाज ओळखीचा वाटला असेल. घर पेटलं की फोनवर तुम्ही जिच्यावर ओरडता, ती बाई मीच.

केकची ऑर्डर द्यायला फोन केला, तर बेकरीवाला म्हणतो, "एका केकवर सहा नावं? सगळे एकाच दिवशी म्हातारे झाले की काय?" मी हसले. फोन ठेवला आणि बोटांवर मोजलं. निम्मं दल एका संध्याकाळी निवृत्त होतंय, आणि यातला एकही म्हातारा नाही. कॅप्टन आर्मंड थिबोदो अजून शिडी खांद्यावर टाकून पळतात.

मग घाई कसली? ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही एवढंच. आज सात वाजता समोरच्या नगरभवनात खर्च कापायची बैठक आहे. बैठकीआधी जो निवृत्त झाला, त्याला आणि त्याच्या बायकोला जुना आरोग्यविमा आयुष्यभर. त्यानंतर जो होईल, त्याने आपलं आपण बघायचं. शहराच्या नोकराला आपल्या मॅसॅच्युसेट्समध्ये केंद्र सरकारचं म्हातारपणाचं पेन्शनही नाही. शहराने हात काढून घेतला तर धरायला दुसरं काही नाही.

मी महापौरबाईंना दोष देत नाहीये. बाई, पाणी प्या, खरंच देत नाहीये. मघाशी स्वयंपाकघरात त्याच मला म्हणाल्या, "ओडेट, अगं तिजोरीत काही उरलंच नाहीये. आज थोडं कापलं नाही, तर उद्या माझ्या बापाचंही पेन्शन जाईल." त्यांचे वडील आमच्याच दलातले. आणि बाई खोटं बोलत नाहीयेत. नदीपलीकडच्या गावाचं दिवाळं वाजलं, तेव्हा तिथल्या सत्तरीच्या माणसांचं पेन्शन निम्म्यावर आलं. ती माणसं पुन्हा दुकानांत गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून द्यायच्या नोकरीला लागली. मला त्याचीही भीती वाटते. हल्ली मला कशाकशाची भीती वाटते ते सांगत बसले, तर सूप गार होईल.

त्यापेक्षा कॅप्टनबद्दल बोलते. आगीत शिरण्याचा आपला नियम साधा आहे. आत दोघं, आणि त्यांना ओढून काढायला बाहेर दोघं. आर्मंडने त्यात स्वतःची एक सवय घातली. दारात उभं राहायचं आणि वायरलेसवर विचारायचं, "माझ्या मागे कोण आहे?" नाव ऐकू आल्याशिवाय पाऊल आत नाही. लोकरगिरणी पेटली त्या दिवशी धूर असा होता, की मागे कोण आहे ते दिसेना, आणि दारात विचारलं तरी कुणाचं उत्तर येईना. आत दोन बायका अडकलेल्या. आर्मंड ओरडला, "अरे, नाव सांगा की लेको! दातखीळ बसली का?" मागचा नवा जवान घाबरून गप्प झाला होता. शेवटी त्याने नाव सांगितलं, तेव्हाच हा आत गेला. त्या दोघी आज या हॉलमध्ये बसल्या आहेत. आता सगळं दल दारात तेच विचारतं.

पण आज रात्रीपासून ठाण्यात एका पाळीला तिघंच असतील. तिघांत आत दोघं आणि बाहेर दोघं कसे बसवायचे, हे मला कुणी सांगेल का? शेजारच्या गावाचा बंब येईपर्यंत दारात थांबायचं, असं वरून सांगितलंय. आतून कुणी हाका मारत असेल तरी. आज रात्रीच्या तिघांत माझी मुलगी झेलिया आहे, गेल्या वर्षी भरती झाली. ती थांबेल असं तुम्हाला वाटतं? मी तिची आई आहे. ती थांबणार नाही.

म्हणून मी आर्मंडला म्हटलं होतं, "नवी माणसं येईपर्यंत तरी थांब ना रे." तो म्हणाला, "मी थांबतो. पण लॉरेनच्या मूत्रपिंडांना थांबायला कोण सांगणार, तू?" लॉरेन त्याची बायको, तिचे उपचार त्या विम्यावरच चालतात.

आपल्याकडे रीत आहे. निवृत्त होणाऱ्याला वायरलेसवर शेवटचा पुकारा द्यायचा, आणि त्याने उत्तर दिलं की तो सेवेतून मोकळा. तोवर तो कामावरच. फादर, तुम्ही मघापासून घड्याळ बघताय. मी मुद्दाम लांबवतेय. मी बोलतेय तोवर या गावात सहा जवान जास्त आहेत.

लॉरेन माझ्याकडे बघतेय. कळलं गं, बाई. करते पुकारा. सहाही जणांना एकत्रच करते.

नियंत्रण कक्ष पुकारतोय. कॅप्टन आर्मंड थिबोदो आणि पाच सहकारी, ऐकू येतंय का?

ऐकलं, कॅप्टन. आपण सहाही जण सेवेतून मुक्त. ब्लॅकमोर आपलं ऋणी आहे. सांभाळून घरी जा.

आता रीतीप्रमाणे ठाण्यातून उत्तर येईल, "इथून पुढे आम्ही आहोत." ठाणे, बोला. झेलिया, बाळा, बोल.

मागे ऐकू आलं नसेल, तर मी सांगते. ती ठरलेलं वाक्य बोलली नाही. ती म्हणाली, "माझ्या मागे कोण आहे?"

कॅप्टन, खाली बसा. उत्तर तुम्ही द्यायचं नाही. तुम्ही लॉरेनचा हात धरा.

आपण सगळे आलात, माझं ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाला माझा एखादा शब्द लागला असेल, तर घाबरलेल्या आईचा म्हणून पोटात घाला. आणि महापौरबाई, बैठकीला निघण्याआधी हा वायरलेस घ्या. हे बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. पोर उत्तरासाठी थांबली आहे.