एक मिनिट हवेत

…बरं, वास येतो, मान्य. पण म्हणून सख्ख्या नवऱ्याला गॅलरीत जेवायला बसवायचं? रिमोटवरच्या हेलिकॉप्टरला खरंखुरं इंजिन असतं, त्याच्या इंधनात एरंडेल असतं, ते काय मी शोधून काढलंय? तुम्हाला सांगतो, नाद वाईट.

वर्ष झालं हो. तुम्हाला वाटेल, रिमोट घेतला, बटण दाबलं, उडालं. कुठलं काय! आधी बॅटरी लावून प्लग तापवा, मग स्टार्टर लावा, मग ते खोकतं, बंद पडतं, पुन्हा तापवा... आणि एवढं करून सुरू झालं की आपलीच पाचावर धारण बसते. शिकवायला आमचे घड्याळवाले काका. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस, आवाज म्हणून चढत नाही. "साहेब, शेपूट आपल्याकडे ठेवा. तोंड आपल्याकडे फिरलं की डावं-उजवं उलटं होतं, मग संपलं." आता ते फिरतंच, त्याला मी काय करू? ते फिरलं की मी धावत त्याच्या शेपटामागे. बघणाऱ्यांना कळेना, कोण कुणाला फिरवतंय. किती वेळा आपटलं, किती वेळा नवी पाती लावली, विचारू नका. नाद वाईट.

शेवटी हिने निर्वाणीचं सांगितलं, भाजी चिरता चिरता, अगदी शांतपणे. "रविवारी मी येते. एक मिनिट हवेत ठेवून दाखवा. राहिलं तर घरात राहील. नाही तर सोमवारी भंगारवाला." धस्स झालं हो. जीव जडलाय माझा त्या यंत्रावर, झोपण्याआधी एकदा बघून येतो मी.

रविवार. मैदान. ही मोबाइलवर वेळ लावून उभी, काका माझ्या मागे. मी उचललं... आणि काय सांगू, राहिलं! कमरेएवढं वर, शेपूट माझ्याकडे, जागच्या जागी. वीस सेकंद... चाळीस... काका पुटपुटले, "श्वास घ्या, साहेब." आणि ही म्हणाली, "झालं मिनिट. छान. आता उतरवा."

उतरवा?

अहो, वर्षभरात मी ते कधी उतरवलंच नव्हतं! दर वेळी ते आपलं आपण खाली आलं होतं. "काका, कसं?" काका म्हणाले, "पॉवर हळूहळू कमी करा." जरा कमी केली, ते डगमगलं, मी घाबरून वाढवली, ते आणखी वर. पुन्हा कमी, पुन्हा डगमग, पुन्हा वर... असं करत दुमजली घराएवढं गेलं. ही म्हणते, "दाखवलंत ना, आता पुरे की." अगं, हौस म्हणून थांबलोय का मी? मान आखडली, नाकावर माशी बसलीय, हाकलायला हात मोकळा नाही... नाद वाईट हो, नाद वाईट! आठव्या मिनिटाला टाकी संपली. इंजिन बंद. क्षणभर फार शांत वाटलं. मग नाही वाटलं.

पण बायको शब्दाला पक्की बरं का. एक मिनिट म्हणाली होती, आठ झाली. हेलिकॉप्टर घरातच आहे. तीन पिशव्यांत.