मोडेममधलं लेकरू

आमच्या सुनील साळवेनं हट्टानं कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकलं, तेव्हाची गोष्ट. संगमनेरात इंटरनेट नुकतंच आलं होतं. त्याच्या अमेरिकेतल्या बहिणीचे दिवस भरत आले होते, मेहुणे ई-मेलनं कळवणार होते आणि ह्याचं नेट काही लागेना. म्हणून मला बोलावलं. सुनीलचे वडील दादा, रिटायर्ड मास्तर, आमच्या मागेच खुर्ची टाकून बसलेले.

"झाली का रे मोकळी?" ते सारखं विचारत होते.

"दादा, आधी मोडेमचा फोन तर लागू द्या!" सुनील म्हणाला.

मोडेमनं फोन लावला, पीं पीं सुरू केलं, आणि स्पीकरमधून एक बाई कडाडली, "आवं, लेकरू किती रडतंय! घ्या की त्याला उचलून!"

सुनीलनं डायलिंगच्या फाइलमध्ये एक आकडा चुकवला होता, म्हणून फोन भलत्याच घरी लागला होता आणि मोडेमची पीं पीं त्या बाईला लेकराचं रडणं वाटली होती. मी हे सुनीलला समजावतोय तोवर दादा डोळे पुसत उठले. "ह्यात आवाजसुद्धा येतो रे!" म्हणाले आणि चपला घालून थेट चर्चच्या पाळकांकडे निघाले. आम्ही त्यांना गाठेपर्यंत गल्लीत साखर वाटून झाली होती आणि रविवारच्या भक्तीत नातवंडासाठी देवाची उपकारस्तुतीही ठरली होती.

नंबर दुरुस्त केल्यावर संध्याकाळी मेल उतरला. बाळंतपणाला अजून आठवडाभर अवकाश होता.

दादा काळजीनं म्हणाले, "अरे, मग ते रडत होतं कुणाचं? उचललं का त्याला कोणी?"