बिरोबाभोवती अखंड सायकल

...नाय, पण मी म्हणतो, सायकलीला नारळ फोडायचा का? दसऱ्याला फोडा, समजू शकतो, चार झेंडू बांधा, विषय संपला. पण चालत्या सायकलीपुढं? फाडकन्? आन् वरून हँडलला हळदकुंकू, आन् वर बसलेल्या पोराच्या अनवाणी पायांवर तांब्याभर पाणी... सूर्यभान बिचारा पायडल मारत मारत ओरडतोय, "अहो मावशी, घसरल ना सायकल," आन् मावशी डोळे मिटून म्हणतीय, "पदरात घे रं देवा." सायकल होती हो ती. भाड्याची सायकल.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नायतर तुम्ही म्हणाल याचंच डोकं फिरलंय. हा सूर्यभान म्हंजे आमच्या उस्मानपुऱ्यातल्या हॉस्टेलात माझ्या शेजारच्या खाटेवरचा. धनगराचं पोर, खुलताबादच्या पलीकडं डोंगरात मेंढेवाडी म्हणून वस्ती हाय, तिथलं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हाची गोष्ट. सायन्सला होता, आन् सायन्स नुसतं पुस्तकात नाय, डोक्यात गेलेलं. "सिद्ध करून दाखवा" हे त्याचं वाक्य. मेसच्या आमटीत डाळ आहे हेसुद्धा सिद्ध करून दाखवा म्हणायचा. देवापुढं हात जोडलेला तर मी त्याला परीक्षेच्या दिवशीही बघितला नाय.

तर हा एकदा घरून आला तो तोंड उतरवून. काय रं? तर आईला, बानाबाईला, नारू झालेला. आता तुम्हाला नारू काय माहीत असणार, आन् माहीत नाय तेच बरं. सुतासारखा जंत हो, पायातून बाहेर येतो. काडीला गुंडाळून रोज जरा जरा ओढायचा, मधीच तुटला तर पाय सुजून ढोल. वाडीला पाणी एकच, बारव. पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात शिरायचं, नारूचा पाय त्याच पाण्यात, घागर त्याच पाण्यात, आन् तेच पाणी पोटात. डॉक्टरनं सांगितलं, हापसा बसवा, हापशाचं पाणी प्या, नारू जाईल. नायतर ह्या पायाचा बरा झाला तर त्या पायाला होईल. बोअरची गाडी मिळत होती, पण खर्च वाडीनं उभा करायचा. वाडीकडं काय? मेंढरं. तीबी दुष्काळानं अर्धी झालेली.

मग आम्ही हॉस्टेलच्या तालमीतली पाच पोरं बसलो आन् ठरवलं, अखंड सायकल! तुमच्यातल्या जुन्या माणसांनी बघितलीय... एखादा गडी मैदानात दिवसचे दिवस सायकलवरून उतरत नाय, वरच जेवतो, वरच दाढी करतो, भोंग्यावर गाणी, लोक पैसे टाकतात. आम्ही म्हटलं, पाच जण पाळीपाळीनं, तीन दिवस, सायकल थांबली तर पैज हरली. 'घाम गाळा, पाणी काढा' असा बोर्ड रंगवला. फकिरा सायकलवाल्यानं सायकल दिली, वर म्हणाला, "पंक्चर हुई तो तुम जानो, मेरे कू नको बोलना."

हे सगळं ठीक. पण फिरवायची कुठं? डोंगराळ वाडी, सपाट जागा म्हंजे एकच, बिरोबाच्या देवळाभोवतालचा माळ. बाजारालाबी माणसं तिथंच येतात. आम्ही फक्कीनं गोल आखला. कशाभोवती? देवळाभोवती. वहाणा कुठं? आवारात नकोत म्हणून बाहेर काढलेल्या. फिरायचं कुणीकडून? उजवा हात देवाकडं ठेवून, कारण सूर्यभाननं हिशेब केला की तसा चढ कमी लागतो. पाच शिकलेली पोरं, आन् एकाच्याही डोक्यात येऊ नये? अनवाणी, उपाशीतापाशी, देवाभोवती फेऱ्या... ह्याला काय म्हणतात हो? पण आम्ही म्हणत होतो व्यायाम.

अर्धा दिवस गेला नसेल, एका म्हातारीनं हात जोडले. मग दुसरीनं. मग नारळ. मग एक बाई ताप आलेलं लेकरू घेऊन आली आन् म्हणाली, सायकलची सावली पडू द्या. सूर्यभान तर हादरलाच. भोंग्यावरून ओरडायला लागला, "हा व्यायाम आहे, व्यायाम, देवाचा काही संबंध नाही." तर खालून काय ऐकू येतं, "लई कडक व्रत हाय, नाव घेतलेलंबी चालत नाय." तो जेवढा चिडायचा तेवढी पैशासाठी ठेवलेल्या घमेल्यात जास्त नाणी पडायची. आमची पाळी आली की आम्ही गुमान फेऱ्या मारायचो. म्हटलं बाबा, पैसा येतोय ना, मग गप. सायकल होती हो ती, पण आता कुणाला सांगता?

तिसरा दिवस. शेवटची पाळी सूर्यभानची. घमेलं काठोकाठ. तेवढ्यात वाडीचे कारभारी पाटील आमच्याच भोंग्यावर आले. "मंडळी, पोरांनी देवाला फेरे घातले, देव पावला. ह्या पैशात बिरोबाला सभामंडप बांधू." टाळ्या. मी म्हटलं, पाटील, हापसा? तर पाटलांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी त्यांचं कोकरूच चोरलंय. "देवाचा पैसा आन् जमिनीला भोकं पाडायला? अक्कल हाय का नाय?"

तिकडं सूर्यभाननं हे ऐकलं आन् पोटरीत असा पेटका आला की सायकलसकट आडवा. मान हलतीय, दात आवळलेले, पाय झाडतोय. आम्ही पळालो, आमच्या आधी वाडी पळाली. "आलं, वारं आलं, अंगात आलं!" भंडारा उधळला, ढोल सुरू. पाटील हात जोडून समोर. "कोन हाईस बाबा? वळख दे."

आता पोटरीला पेटका आलाय एवढंच बोलायचं होतं हो. तोंड उघडलंच होतं त्यानं. पण पाटलांच्या मागं बानाबाई उभी होती, पायाला फडकं गुंडाळलेलं, त्या फडक्यात ती काडी, आन् हातात लेकाला ओवाळायचं ताट. सूर्यभाननं आईच्या पायाकडं बघितलं, डोळे मिटले आन् घुमायला लागला. सिद्ध करून दाखवा म्हणणारा पोरगा घुमला हो. "मंडप नको मला," म्हणाला, "पाणी पायजे. जिमिनीतलं. हापशाचं. नाय दिलं तर मेंढरू ऱ्हाणार नाय वाडीत."

पाटलांनी तिथंच लोटांगण घातलं.

बोअर झाली, पाणी लागलं, गोड. सायकल म्हणाल तर ती देवळातच राहिली, हार घालून. फकिरा न्यायला आला, दारातूनच बघितलं, म्हणाला, "रहने दो भाई, इसका अब कौन पंक्चर निकालेगा."

आन् हापशाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या हौसेनं बघायला गेलो, तर काय? हापशाला लुगडं नेसवलेलं. बायका रांगेत. एकेक जण तळहातावर पळीभर घेतीय, डोळ्यांना लावतीय, तोंडात टाकतीय, हात डोक्याला पुसतीय... आन् घागर काखेत मारून निघाली बारवेकडं. सगळ्या. बानाबाईसुद्धा, लंगडत. सूर्यभान धावत आडवा गेला. "आये, हे प्यायचं पाणी हाय. घागरीनं भर. ह्याच्यापायीच तर केलं सगळं."

बानाबाई म्हणाली, "येडा का खुळा? देवानं तोंडानं मागून घेतलंय ते. देवाच्या पाण्यानं मी भांडी घासू व्हय?"

यानं जंत समजावला, पाणी समजावलं, काडीनं जमिनीवर चित्र काढून दाखवलं. ती म्हणाली, "तुझं खरं का देवाचं खरं?"

सूर्यभाननं सदरा काढला, माझ्या हातात दिला, आन् मान हलवायला लागला. घुमून घुमून सांगितलं, घागरी भरा, गुरांना पाजा, भांडी घासा, बारवेत पाय टाकाल तर याद राखा.

वाडीतला नारू गेला. बानाबाईचे दोन्ही पाय धड झाले. आन् ती गावभर सांगत सुटली, "शिकून काय व्हतंय? माझ्या लेकाच्या अंगात येतं म्हणून पाणी आलं." एकदा मी सूर्यभानला म्हटलं, अरे, आता तरी खरं सांगून टाक. तर म्हणाला, "खरं सांगितलं तर म्हातारी उद्या बारवेत उतरेल."

झालं. विज्ञान शिकवायचा हो शाळेत, जन्मभर. आन् दर अमावस्येला न चुकता वाडीला जाऊन घुमायचा.