एकोणीस इंचांचा बारक्या

...आणि माप मी स्वतः घेतलं होतं हो! दुसऱ्या कुणी घेतलं असतं तर त्याच्या नावाने बोटं तरी मोडली असती, पण इथे टेप माझी, हात माझे, चष्मा तर महिन्याभरापूर्वीच बदललेला... आणि तुम्हाला सांगतो, मी काही हौशी माणूस नाही, शिंपी आहे शिंपी! एकतीस वर्षं मशीनवर बसतोय, गळ्यातली टेप झोपताना काय ती काढतो, आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा माझ्या गळ्यात टेप आहे, आणि तो फोटो आमची ही कुणालाही दाखवत नाही. असा मी. आणि मी एका कुत्र्याचं माप चुकलो.

कुत्रं कशाला हवं होतं म्हणाल. आता सांगायला लाज कसली, मला बोलायला कुणी नव्हतं. पोरगी नोकरीला लांब गेली, ती रविवारी फोन करते आणि आईशी बोलते. हिला माझं बोलणं ऐकून ऐकून तीस वर्षं झाली, ती आता मी तोंड उघडायच्या आधीच 'हो' म्हणते. गिऱ्हाईक म्हणाल तर माप देईपर्यंत थांबतं, आणि ते ऐकतं कारण दंडाला टेप गुंडाळलेली असते, पळता येत नाही! म्हटलं, एक कुत्रं असावं. मशीनपाशी बसेल, आपण बोलावं, त्याने कान हलवावेत. जास्त काही मागणं नव्हतं माझं.

ही म्हणाली, "आणा. पण गुडघ्याच्या वर नको."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे उंचीला. लहानपणी मला एका कुत्र्याने अंगणात आडवं पाडलं होतं, ते माझ्याएवढं होतं. गुडघ्याच्या आत असेल तर माझं काही म्हणणं नाही. गुडघ्याच्या वर गेलं तर ते राहील नाहीतर मी राहीन."

आता अट घातली की शिंपी काय करणार? मी खाली बसलो आणि हिचा गुडघा मोजला. जमिनीपासून साडेएकोणीस इंच. खडूने पाटीवर लिहून ठेवलं आणि गेलो बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये.

शेल्टर म्हणजे काय, एका बाजूला जाळीच्या खोल्या, प्रत्येक खोलीत एक एक, आणि सगळ्यांचं एकाच वेळी बोलणं चाललेलं, मला तर पहिल्याच मिनिटाला घरच्यासारखं वाटलं. तिथल्या बाई फार शांत. गळ्यात शिट्टी, हातात फाईल, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बरं का'. शेवटच्या खोलीत, कोपऱ्यात, भिंतीला चिकटून एक पिवळट-करडं काहीतरी होतं. भुंकत नव्हतं, हलत नव्हतं. मी बोलायला लागलो तसे त्याचे कान हलले! आधी एक, मग दुसरा. तुम्हाला सांगतो, मी तिथेच पाघळलो.

बाई म्हणाल्या, "हा बारक्या. नऊ महिन्यांचा आहे. लाजाळू आहे, बरं का."

मी म्हटलं, "उंची किती?"

"उंची आम्ही लिहीत नाही. वजन लिहितो, बरं का."

म्हटलं लिहीत नसाल तर आम्ही आहोत ना! आत गेलो, टेप काढली, जमिनीपासून खांद्यापर्यंत धरली. एकोणीस. पुन्हा धरली. एकोणीस! अर्धा इंच हातात ठेवून पास! फाईलवर सही ठोकली. नियम असा की पंधरा दिवस कुत्रा घरी ठेवून बघायचा, पंधराव्या दिवशी बाई स्वतः येणार, जमलं तर कुत्रा कायमचा तुमचा, नाही जमलं तर गाडीत घालून परत. आणि एकदा परत गेलेला कुत्रा, बाई म्हणाल्या, पुन्हा कुणी लवकर नेत नाही. हे मी तेव्हा ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, कारण माप मी स्वतः घेतलं होतं.

पहिले तीन दिवस काय विचारता, सोनं! मशीनखाली जो शिरला तो शिरला. मी बोलतोय, तो ऐकतोय. ही येऊन बघून गेली, म्हणाली, "बरा आहे की. बेताचा आहे." बेताचा! हा शब्द लक्षात ठेवा.

चौथ्या दिवशी मी कॉलरला इस्त्री करत होतो, मान वर केली तर समोर कुत्रा उभा. म्हणजे आमचाच, पण... उभा. मी म्हटलं हा असा काय दिसतोय? टेप लावली. बावीस. म्हटलं माझा हात हलला असेल. पाचव्या दिवशी चोवीस. सातव्या दिवशी सव्वीस! अहो, बांबूसुद्धा एवढ्या वेगाने वाढत नाही. मी बसून विचार केला, आणि मग जे लक्षात आलं ना, तुम्हाला सांगतो, मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. रोज येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी काय सांगतो? 'खांदे पाडू नका. पोक काढू नका. सरळ उभे राहा, नाहीतर माप चुकेल.' एकतीस वर्षं सांगतोय! आणि त्या दिवशी तो बिचारा कोपऱ्यात पाय दुमडून, पाठ वाकवून, भीतीने अर्धा झालेला, आणि मी त्या भीतीचंच माप घेऊन आलो. तो वाढत नव्हता हो. रोज थोडा थोडा सरळ होत होता.

आता हिला काय सांगू?

मग मी काय केलं, हसू नका. ही खोलीत आली रे आली की मी म्हणायचो, "बारक्या, बस!" तो बसायचा. हिचं पाऊल वाजलं, बस. कपबशी वाजली, बस. दोनच दिवसांत तो कुत्रा हिची चाहूल लागली की आपोआप बसायला लागला, आणि मी पण बसायचो. ही एकदा म्हणाली, "याला पाय आहेत ना?" मी म्हटलं, "चार."

पण नुसतं बसवून किती दिवस भागणार? शेवटी धंद्यातली युक्ती काढली. बुटक्या माणसाला उंच दाखवायचं तर उभ्या रेघा, आणि उंच माणसाला बुटका दाखवायचं तर आडव्या पट्ट्या. पडद्याचं कापड उरलं होतं, निळ्या-पांढऱ्या जाड पट्ट्यांचं. त्याचा अंगरखा शिवला, चार बाह्यांचा, पोटाला बटणं. घातला. लांब जाऊन बघितलं तर घरातून गादी चालत निघाल्यासारखी दिसली! आणि गादी कुठे गेली तर थेट कापायच्या टेबलाकडे, तिथे मास्तरांची पँट, नुकतीच तयार... मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले आमचे जुने गिऱ्हाईक, ते दारात उभे, हातात पँटचा उरलेला पाय, आणि सावकाश, वर्गात बोलल्यासारखे म्हणतात, "मी ही शिवायला दिली होती. चारायला नव्हे." मी म्हटलं, "मास्तर, दुसराही पाय तेवढाच करून देतो, उन्हाळ्यात वापरा." ते काही हसले नाहीत. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, ते कुणीतरी शिंप्यानेच म्हटलं असणार.

आणि मग दहावा दिवस. ही स्वयंपाकघरात ओट्यापाशी, पाठ माझ्याकडे. मी तिकडून धावतोय, 'बस, बस' करतोय, पण त्याला भांड्यातला वास आलेला, आता कोण बसतंय! त्याने उडी मारली नाही, टाचा उचलल्या नाहीत, काही नाही, नुसती चालता चालता हनुवटी ओट्यावर ठेवली. ही वळली.

"हे काय आहे?"

"बारक्या."

"बारक्या गुडघ्याएवढा होता."

"तोच."

ही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या गळ्यातली टेप काढून घेतली, स्वतः वाकली, अंग मागे ठेवून, हात लांब करून, पण मोजलं. अठ्ठावीस. टेप परत माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाली, "अट काय होती?" मी म्हटलं, "अगं, माप मी स्वतः..." "म्हणूनच विचारतेय," म्हणाली. आणि शेल्टरच्या बाईंना फोन केला, की पंधराव्या दिवशी याल तेव्हा गाडीत जागा ठेवा.

पुढचे पाच दिवस मी मशीनवर एक शब्द बोललो नाही. खोटं कशाला सांगू, माझा जीव लागला होता. तो आपला कान हलवून बघायचा, हा आज बोलत का नाही म्हणून. आणि ही? ही रोज कुरकुरत डबे एक एक फळी वर चढवत होती. मी मनात म्हटलं, जायचंच आहे तर डबे कशाला चढवतेस? पण विचारायची हिंमत झाली नाही.

पंधरावा दिवस, सकाळचे दहा. ही पुराव्यासाठी टेप हातात घेऊन तयार. बाहेर गाडी थांबली, तिचं सरकतं दार वाजलं. आणि तुम्हाला सांगतो, तो आवाज ऐकला मात्र, बारक्या खाली गेला. शेपूट पोटात, पाठ वाकली, पाय दुमडले, भिंतीला जाऊन चिकटला. बाई फाईल घेऊन आत आल्या. ही म्हणाली, "तुम्हीच बघा किती उंच आहे," आणि टेप धरली.

एकोणीस.

हिने पुन्हा धरली. एकोणीस! माझं माप बरोबर आलं होतं, अगदी अर्धा इंच हातात ठेवून. आणि शप्पथ सांगतो, मला आयुष्यात कधी स्वतःचं माप बरोबर आल्याचं इतकं वाईट वाटलं नाही. जिंकलो होतो मी, अट पुरी झाली होती, आणि मी त्या वाकलेल्या पाठीकडे बघत होतो.

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे सहा महिने असाच होता. सरळ उभा राहिलेला आम्ही बघितलाच नाही, बरं का. काय लिहू मग?"

हिने टेप गुंडाळली. मग लहानपणी कुत्र्याने आडवी पाडलेली ती बाई खाली जमिनीवर बसली, त्याच्याशेजारी, भिंतीला टेकून. आणि वर न बघता म्हणाली, "आमच्याकडे अठ्ठावीस भरतो. अठ्ठावीस लिहा."

"उंची आम्ही लिहीत नाही..."

"आज लिहा," ही म्हणाली.

बाईंनी लिहिली. हिने सही केली, मी केली. मी चष्मा पुसायला घेतला, मला त्याची फार गरज होती. गाडीचं दार परत वाजलं नाही तसा तो हळूहळू वर आला, बावीस, चोवीस, सव्वीस, आणि हिच्या डोक्यावर हनुवटी ठेवून उभा राहिला.

बाई दारापर्यंत गेल्या. वळल्या. म्हणाल्या, "पंजे बघितलेत ना त्याचे? अजून चार-पाच इंच सहज वाढेल, बरं का."

गेल्या निघून!

ही माझ्याकडे बघतेय. मी पंजांकडे बघतोय. आता तुम्हीच सांगा, एकतीस वर्षं लोकांची पोटं सुटली की कपडे उसवून सैल करून देतोय... पण हे घर कुठून उसवायचं?