काकूंच्या हळदीकुंकवाचा करंडा

बायांनो, दादांनो, मला चार माणसांत बोलायची सवय नाही. पोरीला कडेवर घेतलीय, ती मलाच आधार म्हणून. शाळा दुसरीत सुटली माझी. पण काकू गेल्या, त्यांचं हे आज ह्या शोकसभेत मी नाही बोलले तर कोण बोलणार?

मघाशी सगळ्यांनी सांगितलं, काकू देशासाठी ठाण्याच्या तुरुंगात गेल्या. खरं आहे. पण पकडल्या कशामुळे, ते कोणी बोललं नाही. मी सांगते.

चले जावच्या वेळची संक्रांत. सभेला बंदी. काकू म्हणाल्या, "हळदीकुंकवाला कोण बंदी घालतो बघू!" ह्याच घरात बायका जमल्या. तिळगुळाच्या पुडीत पत्रकं. दारात पोलीस, तोही आपल्या कळव्याचाच. बायकांत घुसायची त्याची काय हिंमत! तेवढ्यात माझी आई आली. मिठागरावर लपवलेली पत्रकं पदराखाली घेऊन. आई विधवा. पांढऱ्या कपाळाची बाई, नि पुढच्या दाराने हळदीकुंकवाला चाललीय! पोलीस काय समजायचं ते समजला.

काकूंनी सगळं अंगावर घेतलं. सहा महिने आत. आई सुटली. सुटली कसली? गाव म्हणालं, पांढऱ्या पायाची आली नि घात झाला.

काकू परत आल्या तेव्हा ह्याच ओट्यावर मोठी माणसं हार घेऊन उभी. एक जण म्हणाले, "काकू, आता तरी विधवांना लांब ठेवा." काकू म्हणाल्या, "अहो, ती आली म्हणून नाही पकडलं. ती कधी येत नाही म्हणून पकडलं. दरवर्षी बोलावली असती, तर त्याला काय कळलं असतं?"

हार ओट्यावरच ठेवून माणसं घरी गेली.

पुढच्या संक्रांतीला काकूंनी पहिलं कुंकू आईला लावलं. धर्म बुडाला म्हणत अर्ध्या बायका उठून गेल्या. मग स्वराज्य आलं. तीच मोठी माणसं म्हणाली, "काकू, झालं आता देशाचं काम." काकू माझ्या आईचा हात धरून म्हणाल्या, "लपायला आमचं हळदीकुंकू चाललं. देश तुमचा झाला. मग ही बाई कुणाची?"

दोन वर्षं झाली, माझा नवरा गेला. ह्या संक्रांतीला काकू स्वतः बोलवायला आल्या. "ये गं. पोरीलाही आण." मी नाही गेले. घरच्यांना, दिरांना घाबरले. ते मला डाचतंय.

काल काकूंच्या सुनेने हा करंडा माझ्या हातात दिला. म्हणाली, "सासूबाई सांगून गेल्यात, तिलाच द्या." भावोजी, तुम्ही बसलायत समोर, म्हणून समोरच सांगते. येत्या संक्रांतीला हळदीकुंकू माझ्या खोलीत. सगळ्यांना आवतण. घाबरतेय मी. पण करणार.

आता काकूंसाठी गप्प उभं राहायचंय. पण जरा थांबा. मागच्या दाराने येऊन तिथे आडोशाला बसलेल्या पांढऱ्या कपाळाच्या आयांनो, उठा. बाहेरून फिरून या, पुढच्या दाराने आत या. तुम्ही सगळ्या आलात, की मग गप्प राहू.

आई, आधी तू.