वासंतीताई आणि वाचनालयाचा पंखा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे कार्याध्यक्ष माननीय मधुकरराव देवस्थळी, व्यासपीठावर आवर्जून आलेल्या डॉक्टर आसावरी, सत्कारमूर्ती आणि आमच्या ग्रंथपाल वासंतीताई कर्णिक, आणि घाम पुसत का होईना, शांत बसलेल्या डोंबिवलीकर वाचक बंधुभगिनींनो,

मी धम्मपाल जाधव, सहायक ग्रंथपाल. ताई आज स्वेच्छानिवृत्त होत असल्यामुळे उद्यापासून त्यांच्या खुर्चीवर मी बसणार आहे. तेव्हा मी चार बरे शब्द अगदी मनापासून बोलेन, अशी कार्याध्यक्षांची खात्री आहे.

आधी डोक्यावरच्या पंख्याविषयी. तो बिघडलेला नाही. ताईंचं टेबल नेमकं त्याच्याखाली आणि ताईंना थंडी वाजते, म्हणून तो कित्येक वर्षं बंद आहे. भर मे महिन्यात आपण वर्तमानपत्र अर्धं वाचून उरलेल्या अर्ध्याने वारा घ्यायचो आणि ताई स्वेटर घालून पुस्तकं द्यायच्या. नव्या सभासदाला मी दोनच नियम सांगायचो. पुस्तकाची पानं दुमडू नयेत आणि पंख्याकडे आशेने बघू नये. पण कुणी कधी बटणाला हात लावला का? नाही. ताईंवर आपला सगळ्यांचा जीव, दुसरं काय.

मात्र ताईंना नेमकं झालंय काय, हे आपण विचारलं का? तशी गरजच नव्हती, कारण प्रत्येकाला ते माहीत होतं. केस गळू लागले तेव्हा आपल्या सभासद हेमाताईंनी बोअरच्या पाण्यावर ठपका ठेवला. आवाज घोगरा झाला तो वाचकांना दम देऊन. दुपारी टेबलावर डोळा लागायचा, त्यावर कार्याध्यक्ष काय म्हणाले ते मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. साहेब, निश्चिंत असा.

आपण पडलो वाचनालयातली माणसं, वर्गवारी केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. केस त्वचेच्या डॉक्टरांकडे, सूज किडनीवाल्यांकडे, विसराळूपणा वयाकडे आणि थंडी पंख्याकडे. एकाच पुस्तकाची पानं सुटी करून आपण निरनिराळ्या कपाटांत लावली आणि मग पुस्तक सापडत नाही म्हणून हळहळत बसलो. थायरॉइड एकदा तपासलं होतं म्हणा. रिपोर्ट काठावर आला, आणि काठावर म्हणजे ठीकच, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

मग ताईंच्या हातून पुस्तकं भलत्या कपाटात जाऊ लागली. रहस्यकथा बालविभागात गेल्या आणि बालविभागाचे सभासद वाढले. आपले सुशांत गुप्ते, ते काय तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांनी युरोप प्रवासाचं पुस्तक मागितलं. घरी जाऊन बघतात तर कुक्कुटपालन. पण गुप्त्यांनी एकदा पुस्तक घेतलं की पुरं करायचं हा शिरस्ता. आज खडवलीला त्यांच्या कोंबड्या आहेत. गुप्ते खूश आहेत, वहिनी अजून युरोपचं विचारतात.

समितीला मात्र हा हलगर्जीपणा वाटला आणि ताईंना खुलासा मागणारं पत्र गेलं. ताईंनी ते वाचून घडी घातली आणि मला म्हणाल्या, "धम्मपाल, मी आळशी नाहीये रे. आतून कुणीतरी माझा एकेक दिवा बंद करत चाललंय." मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला आणि तो, आपल्या समितीच्या इतिहासात प्रथमच, लगेच मंजूर झाला. नोटिशीची मुदत तेवढी आज संपते.

पुढे त्यांची भाची क्षिप्रा त्यांना घोडबंदर रोडला डॉक्टर आसावरींकडे घेऊन गेली. सोबत मी होतो. त्या ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत दोन-तीन लक्षणं मलाही जाणवू लागली होती. डॉक्टर फंक्शनल मेडिसिनवाल्या, म्हणजे सुट्या सुट्या तक्रारींना सुटी सुटी औषधं देण्याआधी सगळ्यांचं मूळ शोधणाऱ्या. खाता काय, झोपता कधी, घरात कुणाला गळ्याचं काही होतं का, जीवाला घोर कसला. इतकं विचारलं की शेवटी ताईंनी विचारलं, दोन ओळखीचे सभासदही लागतील का?

मग रक्तातल्या अँटीबॉडी तपासल्या आणि निघाला हाशिमोटो. शरीराची राखणदार फौज आपल्याच थायरॉइड ग्रंथीला परकी समजून तिच्यावर तुटून पडते. आपल्या वॉचमनने एकदा कार्याध्यक्षांनाच ओळखपत्रासाठी बाहेर उभं केलं होतं, तसंच काहीसं. डॉक्टरांनी ताईंना हार्मोनच्या तज्ज्ञांकडे पाठवलं, रोज उपाशीपोटी गोळी सुरू झाली. झोप आणि जेवण डॉक्टरांनी स्वतः हाती घेतलं आणि काही महिने गहू बंद करून बघू म्हणाल्या. ताईंना एकटं वाटू नये म्हणून अख्ख्या वाचनालयाने गहू सोडला. आज बटाटेवड्याबरोबर पाव का नाही, हे विचारणाऱ्यांना एवढंच उत्तर. गुण गोळीचा किती आणि पथ्याचा किती, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. गोळी मात्र सोडायची नाही, हे ठणकावून सांगतात.

आता ताई बऱ्या आहेत. पुस्तकं जिथल्या तिथे आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी अर्ज मागे घेत असल्याचं पत्रही दिलं. पण तोवर फलक छापून झाला होता, शाल आली होती, वडेवाल्याला सांगून झालं होतं. म्हणून, मंडळी, जिला जायचं नाही अशा बाईला आज आपण निरोप देत आहोत.

साहेब, आपण शाल घेऊन उठलात, मला कळतंय. माझं आवरतंच आहे. मला त्या खुर्चीचा मोह आहे, खोटं कशाला बोलू? पण आजारपणाने रिकामी केलेली खुर्ची मला नको. ताईंचं अर्ज मागे घेण्याचं पत्र आपल्या खिशात आहे आणि आज कार्यालय बंद होईपर्यंत त्यावर सही चालते. नियमावली मी वाचून आलोय.

काय म्हणालात, ताई? मागच्या मंडळींसाठी सांगतो, ताई म्हणताहेत, "शाल नको. मला उकडतंय. पंखा लाव."

लावतो, ताई.

मंडळी, जागेवर बसून राहा, ही फक्त धूळ आहे. साहेब, माफ करा, बरीच तुमच्यावर पडली. इतक्या वर्षांची साठलेली होती. शाल हातात आहेच, पुसा तोंड. आणि हे पेन.

झाली सही.

डॉक्टरांचे, क्षिप्राचे आणि पावाशिवाय वडा खाणाऱ्या आपणा सर्वांचे आभार मानतो. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर उदार मनाने पोटात घाला. निरोप द्यायला उभा राहिलो आणि निरोप तेवढा द्यायचा राहून गेला, त्याबद्दलही क्षमा असावी. ताई, उद्या साडेदहाला.