राक्षस विचार करतोय

...पाऊण तास! अहो, पाऊण तास माणूस पडद्यासमोर हाताची घडी घालून बसतो, आणि उठताना म्हणतो काय, तर "छान आहे हो!" आता मला सांगा, यावर मी काय समजायचं? आवडलं, असंच ना? मीही तेच समजलो. वर्षभर तेच समजत होतो! तुम्हाला सांगतो, एकानं... एकानं तरी तोंड उघडायचं होतं!

थांबा, नीट सांगतो. मी गेम बनवला. धडाधड गोळ्या घालायचा नव्हे हं, बुद्धिबळाच्या जातीचा. तुमचे चार शिपाई, समोर राक्षसांची फौज. एक चाल तुमची, मग एक राक्षसाची, मग पुन्हा तुमची. घाई नाही, धक्काबुक्की नाही, आम्हा जावा बेटावरच्या योग्याकार्ताच्या माणसांना शोभेल असं युद्ध! चार वर्षं एकट्यानं केलं सगळं, मागच्या खोलीत बसून. चित्रं मी, संगीत मी, राक्षसाचं गुरगुरणंसुद्धा मीच, बादलीत तोंड घालून. शेजारच्या बू तुगिनेम, सकाळी कोपऱ्यावर फणसाची भाजी आणि भात विकतात त्या, दोनदा माझ्या बायकोला विचारून गेल्या, "रेत्नो, तुझ्या नवऱ्याच्या पोटात दुखतंय का गं?"

आणि डोक्यावर टांगती तलवार सासऱ्यांची. पाक सारजोनो. त्यांचं बाकपियाचं दुकान आहे, मुगाचं पुरण भरलेले ते छोटे गोळे, डब्यात भरून विकतात. गेम चालला तर ठीक, नाहीतर मी दुकानात उभं राहायचं, असं ठरलेलं. म्हणजे, तसं ते बोलले नाहीत! बोलतील कसे? ते एवढंच म्हणाले, "बाळ प्राप्तो, हल्ली दुकानात गल्ल्यापाशी वारा फार छान लागतो." आमच्याकडे एवढं पुरतं. हे मला बरोबर कळलं, आणि बाकीचं नाही कळलं, हेच तर माझं नशीब!

तर, तिसऱ्या लढाईत राक्षसांचा राजा येतो. त्याला मी अक्कल दिली. इथंच माती खाल्ली. चार शिपायांत सगळ्यात दुबळा कोण ते बघायचं आणि त्याला हाणायचं, एवढीच अक्कल. पण चौघेही सारखेच धडधाकट असले तर? तर राजा ठरवू शकत नाही. वर पाटी येते, 'राक्षस विचार करतोय', आणि तो करतच बसतो. करतच बसतो! बाहेर कोंबडा आरवेल, पण राजाचं काही ठरायचं नाही.

तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, तुला स्वतःला कसं दिसलं नाही? अहो, मी माझाच गेम इतका वाईट खेळतो, की तिसऱ्या लढाईपर्यंत माझा एकतरी शिपाई लंगडत असायचा! राजाला विचार करायची वेळच यायची नाही.

म्हणून तर लोकांना बोलावलं. चांगली अकरा माणसं! सासरे पहिले. फार जपून खेळले, एकाही शिपायाला ओरखडा नाही. आला राजा. लागला विचाराला. सासरे थांबले. मी चहा दिला, प्यायले. दुसरा दिला, तोही प्यायले. पाऊण तासानं उठले, कपडे झटकले. "छान आहे हो. राजा फार विचारी आहे तुझा." मी खूश! रात्रभर झोप नाही मला. मग बू तुगिनेम आल्या, मांडीवर फणसाच्या बिया घेऊन, राजासमोर बसून अख्खी टोपली सोलली, आणि म्हणाल्या, "छान आहे हो, डोक्याला शांतता मिळते." शांतता! युद्धात! तरी माझी ट्यूब पेटली नाही. अकराच्या अकरा जण तिथंच अडकले, अकराही जण हसत घरी गेले. एखादा सुराबायाचा माणूस बोलवायला हवा होता हो! ती माणसं तोंडावर हाणतात. "हे काय शेण केलंय?" म्हणाला असता, मी दोन दिवस रडलो असतो आणि सुटलो असतो. पण एकानं... एकानं तरी तोंड उघडायचं होतं!

मग मंगळवारी गेम जगात सोडला. जगातली माणसं आपल्यासारखी नसतात. दुपारपर्यंत सुरू! पोलंडचा एक लिहितो, "राजा मेलाय का? कुणीतरी नाडी बघा." ब्राझीलची एक बाई, "माझं लग्न झालं, मूल झालं, हा अजून विचारच करतोय." संध्याकाळपर्यंत दोनशे बारा जण शिव्या देऊन निघून गेले. मी चूक शोधली. एक ओळ हो, एकच ओळ! सगळे सारखेच असतील तर डावीकडच्याला हाण. दहा मिनिटांत राजा शहाणा झाला, पण तोवर प्रजा गेली होती.

तसाच धावत बू तुगिनेमकडे गेलो. "तुम्हाला कळलं होतं, गेम अडकलाय म्हणून?"

"कळलं होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"अरे, त्याची चाल होती. 'झालं का, झालं का' म्हणून कसं विचारायचं? राजा ना तो! आणि तू दारात उभा राहून माझ्या तोंडाकडे असा बघत होतास..." असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे भात वाढला. मला रडू आलं, खरंच सांगतो. भातातच रडलो. चार वर्षं हो!

दुसऱ्या दिवशी सासरे आले. गेमबद्दल अवाक्षर नाही. आंब्याच्या मोहोराबद्दल बोलले, रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल बोलले, आणि जाताना खुर्चीवर एक पुडकं विसरून गेले. आमच्याकडे असं कुणी उगाच विसरत नाही. उघडलं. दुकानाचा एप्रन! खिशावर दोऱ्यानं माझं नाव, 'प्राप्तो'. कोरा करकरीत, पण वास डांबरगोळ्यांचा!

म्हटलं, "रेत्नो, हा कधीचा आहे?"

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "तुम्ही राक्षसाचं पहिलं चित्र काढून बाबांना दाखवलंत ना, त्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडून तुमचं माप नेलं."

"चार वर्षांपूर्वी? आणि तू दिलंस?"

"बाबांना नाही कसं म्हणू?"

"मग मला तरी सांगायचंस!"

"तुम्ही किती खुशीत होतात..."

घालून बघितला. खांद्याला बरोबर, लांबीला बरोबर. पोटावर मात्र घट्ट. चार वर्षं खुर्चीत बसून काढली, सुटलंय पोट. गाठच बसेना. रेत्नो म्हणाली, "बाबांना सांगा, सैल करून देतील."

मी म्हटलं, नको. इतक्या हौसेनं शिवलाय त्यांनी, उगाच वाईट वाटेल. आता रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मी श्वास रोखून उभा असतो.